विमानाला कापड किती लागतं? सांगलीत बसून काढलेला हिशोब

मार्च २०२५ मध्ये आमच्या पिटनपोल विमानावरचा रंगाचा शेवटचा हात सुकला आणि कापडाचं प्रकरण एकदाचं मिटलं. विमान अजून उडालेलं नाही, इंजिनाचं काम बाकी आहे, डीजीसीएशी, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याशी, पत्रव्यवहार चालू आहे, त्यावर पुढे कधीतरी वेगळं लिहीन. पण कापड, टेप, दोरा, गोंद, रंग हे सगळं किती मागवायचं या प्रश्नाने मला जवळजवळ वर्षभर झोप दिली नव्हती. कमी मागवलं तर परत अमेरिकेहून पार्सल, परत कस्टम, परत दोन महिने. जास्त मागवलं तर पैसे गेले. आणि मराठीत यावर वाचायला काहीच सापडलं नाही, म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहून ठेवतोय, कुणी कोल्हापूर-साताऱ्याकडे किंवा कुठेही असं काही करत असेल तर त्याला निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.

आधी थोडं विमानाबद्दल. पिटनपोल एअर कँपर हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह गावच्या बर्नार्ड पिटनपोल यांनी १९२९ च्या सुमारास फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन लावून उडवलेलं लाकडी विमान, दोन सीट, वर एकच पंख. आजही लोक त्याच प्लॅनवरून घरी बनवतात. सांगली-मिरजेकडे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "ते कांदिवलीला गच्चीवर बनवलेलं, तसलंच का?" अमोल यादवांचं विमान धातूचं आणि सहा सीटचं, त्याची आमच्याशी तुलनाच नाही. आमचा आहे लाकडाचा सांगाडा आणि त्याच्यावर ताणून बसवलेलं पॉलिएस्टरचं कापड. पंखावरच्या हवेचा भार पेलतं ते हे कापडच, म्हणून ते शोभेचं काम नाही, तो विमानाचा भागच आहे.

सांगाडा कुपवाड एमआयडीसीतल्या एका मित्राच्या शेडमध्ये उभा आहे. २०२३ च्या दिवाळीपर्यंत पंख, शेपूट, धड सगळं लाकूडकाम झालं होतं. जानेवारी २०२४ मध्ये मी मोजमापाला लागलो.

पहिलं काम सगळ्यांना सुचतं तेच केलं, क्षेत्रफळ काढलं. पंख साधारण १४० चौरस फूट, वरून खालून मिळून २८०. धडाच्या दोन बाजू, पोट आणि पाठ मिळून ९०. शेपटीचे सगळे भाग दोन्ही अंगांनी ७० च्या आसपास. एकूण ४४० चौरस फूट, म्हणजे ४१ चौरस मीटर. विमानाचं कापड येतं ७० इंच पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, विकतात यार्डावर. ४४० ला पन्ह्याने भागलं की उत्तर येतं २५ यार्ड. हा आकडा मी कोपऱ्यात लिहून ठेवला, तो पुढे तुलनेला कामाला आला, कारण खरं उत्तर त्याच्यापासून बरंच लांब निघालं.

खरं उत्तर कसं काढायचं ते मला शिकवलं आमच्या गावभागातल्या टेलरकाकांनी. मी त्यांच्याकडे झिगझॅग कात्री विचारायला गेलो होतो, कारण कापडावरून सांगाड्याच्या काठांवर आणि जोडांवर चिकटवायच्या कापडी पट्ट्यांच्या, म्हणजे टेपांच्या, कडा करवतीसारख्या कातरलेल्या असतात आणि छोटे तुकडे आपल्याला तसे कापावे लागतात. त्यांनी विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं, कागद दाखवला. त्यांनी पंखाच्या चित्राकडे बघून एकच विचारलं, "पन्हा किती?"

म्हटलं सत्तर इंच.

"आणि ह्याची रुंदी?"

पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत पाच फूट, म्हणजे साठ इंच.

"मग आडवं कशाला लावता ओ, लांबीत टाका की. एका पन्ह्यात बसतंय."

दुकानातून घरी आलो आणि पंखाच्या बरगडीवर, म्हणजे ज्याला रिब म्हणतात तिच्यावर, टेप धरून वरच्या गोलाईची लांबी मोजली. ६३ इंच भरली. पुढच्या कडेला वरचं आणि खालचं कापड एकमेकांवर २ इंच चढवायचं, मागच्या कडेला १ इंच वळवायचं, थोडं हाताळायला. ६७ इंचात काम होतंय. म्हणजे पंखाच्या वरच्या अंगाला एक सलग पट्टा आणि खालच्या अंगाला एक सलग पट्टा, मध्ये जोड नाही, शिवण नाही. नाहीतर पंखाच्या आडव्या बाजूने तुकडे लावून प्रत्येक जोडाला गोंद, प्रत्येक जोडावर टेप, हे सगळं वाढलं असतं. ज्यांच्या विमानाच्या पंखाची रुंदी जास्त आहे त्यांना ही सोय मिळणार नाही, पण मुद्दा तोच, आधी पन्हा आणि मग लांबी. कापडाला क्षेत्रफळ विचारूच नका, बेतणी विचारा. रंगाला मात्र क्षेत्रफळच विचारायचं, ते पुढे येईल.

मग फेब्रुवारीत मी ब्राउन पेपरवर एक इंचाला एक फूट अशा प्रमाणात सगळे भाग कापून काढले आणि ७० इंचाच्या पट्ट्यावर मांडून बघायला लागलो. हे काम संध्याकाळी जेवणानंतर घरच्या टेबलावर चालायचं, आमच्या हिने पण त्यात बरेच तुकडे नीट बसवले, तिला ब्लाऊजची बेतणी येते आणि तिची नजर माझ्यापेक्षा तयार आहे. असं बसलं शेवटी:

पंखाचे दोन बाहेरचे भाग प्रत्येकी १३ फूट. टोकाला आणि मुळाशी वळवायला धरून १४ फूट. वर-खाली धरून असे चार पट्टे, ५६ फूट. मधला छोटा भाग अडीच फूट, तो साडेतीन धरला, वर-खाली ७ फूट. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागे हलणाऱ्या फळ्या, १५ इंच रुंद, त्यांना पूर्ण गुंडाळायला ३४ इंच लागतात, म्हणजे एका पन्ह्यात दोन शेजारी शेजारी बसतात, साडेसात फुटात दोन्हींचं भागलं. धडाच्या दोन बाजू शेपटीकडे निमुळत्या होत जातात, एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे करून उलटसुलट ठेवल्या की ४२ इंचात बसतात आणि २८ इंचाची लांब पट्टी मोकळी राहते, तिच्यातून शेपटीचे बारके तुकडे निघतात. बाजूंना १५ फूट, पोट आणि पाठ दुसऱ्या १५ फुटात. शेपटीला वेगळे साडेपाच यार्ड.

बेरीज ३९ यार्ड. क्षेत्रफळाने आलेले २५ आठवतात ना? त्या २५ वर दहा टक्के, वीस टक्के वाढवून मागवलं असतं तरी पंख झाकून धडाच्या अर्ध्यात कापड संपलं असतं. ३९ वर दहा टक्के धरून मी ४३ यार्ड पक्के केले. जास्तीचे चार यार्ड कशाला, तर सरावाला, नमुने राखून ठेवायला आणि पुढे दुरुस्तीला.

कापड कुठलं घ्यायचं हा प्रश्न याच काळात सुटला. विमानाच्या पॉलिएस्टरच्या तीन जाड्या मिळतात, चौरस यार्डाला १.७ औंस, २.७ औंस आणि ३.४ औंस. आपल्या भाषेत अंदाजे ५८, ९२ आणि ११५ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम. पहिलं अगदी हलक्या अल्ट्रालाइट विमानांना, तिसरं शेतात फवारणी करणाऱ्या आणि खडबडीत ठिकाणी उतरणाऱ्या विमानांना. आम्ही मधलं घेतलं. नुसत्या कापडाचं वजन अख्ख्या विमानाला पावणेचार किलोच्या आसपास येतं, त्यामुळे जाडीत कंजुषी करून फार काही वाचत नाही.

इथे हमखास विचारलं जाणारं सांगतो. इचलकरंजी तीस किलोमीटरवर, विटा आपल्याच जिल्ह्यात, दोन्हीकडे माग धडधडतायत, मग पॉलिएस्टर अमेरिकेहून कशाला? मलाही हेच वाटलं होतं आणि इचलकरंजीच्या ओळखीच्या एका मागवाल्यांकडून मी ग्रे कापडाचा तुकडा मुद्दाम आणला. विमानाचं कापडही ग्रेच असतं, म्हणजे मागावरून उतरलेलं, त्याला उष्णता देऊन स्थिर केलेलं नसतं, म्हणून तर इस्त्री फिरवली की ते आवळतं आणि ढोलासारखं ताणतं. आणलेला तुकडाही आवळला, पण उभ्यात जास्त आणि आडव्यात कमी. शर्टिंगसाठी विणलेल्या मालाकडून वेगळी अपेक्षा ठेवणं बरोबरही नाही. विमानाच्या कापडात दोन्ही दिशांना सारखं आवळणं आणि ताकद हे ठरवून केलेलं असतं, किनारीवर शिक्का असतो, लॉट नंबर असतो. पूर्वी सुती कापड वापरायचे तेव्हा ग्रेड ए कापडाला नवं असताना इंचाला ८० पौंड ताकद लागायची आणि ती ५६ च्या खाली गेली की कापड बाद, हा नियम अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तकात आहे. आम्ही घेतलेलं मधलं पॉलिएस्टर या आकड्याच्या पुढेच असतं, पण ते कागदावर सिद्ध करता आलं पाहिजे. आमची फाइल बघणारे इंजिनिअर साहेब पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "मला लॉट नंबर आणि बिल दाखवा, बाकी आपण नंतर बोलू." त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

टेपांचा हिशोब सोपा आहे पण कंटाळवाणा. आमच्याकडे मोठ्या बरगड्या ३०. प्रत्येकीवर वरून खालून मिळून साडेदहा फूट, २ इंची टेप. ३१५ फूट. धडाच्या लांब काठ्यांवर ६० फूट, शेपटीच्या बरगड्यांवर आणखी ६०. झाले ४३५ फूट, १४५ यार्ड. टेपेची गुंडाळी ५० यार्डाची. तीन गुंडाळ्यांत १५०, म्हणजे हातात फक्त पाच यार्ड जास्त. मी चार घेतल्या. इथे हात आखडू नका, टेप लावताना वाकडी गेली, बुडबुडा राहिला, की काढून नवीन लावावी लागते आणि जुनी परत वापरता येत नाही. पुढच्या कडेला ४ इंची, मागच्या कडेला आणि एलेरॉनला ३ इंची. पंखाची टोकं, रडरची, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलणाऱ्या फळीची, गोलाई अशा ठिकाणी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लागते, सरळ पट्टी गोलाईवर चुण्या पाडते. उरेब टेप महाग असते पण ती तयारच घ्या.

दोऱ्याचा हिशोब मात्र मला कुठे तयार मिळाला नाही, तो मी टाक्यागणिक काढला. कापड बरगडीला नुसतं चिकटवून भागत नाही, ते लांब सुईने वरून खाली आरपार शिवावं लागतं, प्रत्येक टाक्याला गाठ. दोन टाक्यांत किती अंतर ठेवायचं ते विमानाच्या वेगावर ठरतं, त्याचा तक्ता त्याच पुस्तकात आहे, आणि प्रोपेलरचा झोत जिथे येतो तिथे टाके आणखी जवळ घ्यायचे. मी सगळीकडे सरसकट अडीच इंच धरलं. पाच फुटात २४ टाके. बरगडीची सरासरी उंची साडेचार इंच, तिच्याभोवती वेढा १० इंच, पुढच्या टाक्यापर्यंत अडीच, गाठीला अडीच. एका टाक्याला १५ इंच. म्हणजे एका बरगडीला ३० फूट, पंखाच्या रुंदीच्या बरोबर सहापट. ३० बरगड्यांना ९०० फूट, ३०० यार्ड. मी साडेतीनशेच्या हिशोबाने मागवला. टाक्यांखाली बरगडीवर जी मजबुतीची पट्टी लागते ती बरगडीच्या पट्टीइतकीच रुंद घ्यायची, आमची अर्धा इंच, लांबी १०० यार्ड, थोडी जास्त घेतली.

बारीकसारीक गोष्टी म्हणजे पाणी निचरायच्या रिंगा आणि तपासणीच्या झाकणांच्या रिंगा. निचऱ्याची रिंग प्रत्येक कप्प्याच्या सगळ्यात खालच्या जागी, विमान जमिनीवर शेपूट टेकून उभं असताना जी जागा खाली येते ती. त्यामुळे हे टेबलावर बसून मोजू नका, शेडमध्ये जाऊन सांगाड्यावर खडूने खुणा करा आणि खुणा मोजा. तपासणीच्या रिंगा जिथे जिथे बोल्ट, पुली, केबलचा जोड आहे तिथे. रिंग आत्ता चिकटवून ठेवायची, कापायची गरज पडेल तेव्हा. स्वस्त असतात, सढळ हाताने घ्या.

आता रंग. आम्ही पॉली-फायबर पद्धत निवडली, ही रे स्टिट्स नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेत विकसित केलेली. पॉली-टॅक हा गोंद, पॉली-ब्रश हा कापडाची वीण भरणारा थर, पॉली-स्प्रे हा ॲल्युमिनियमच्या भुकटीचा चंदेरी थर, तो ऊन अडवतो कारण पॉलिएस्टरला पावसाने काही होत नाही पण उन्हाने ते खराब होतं, आणि वर पॉली-टोन हा रंग. कुठल्या थराला किती लागेल हे प्रत्येकाच्या हातावर आणि स्प्रे गनवर अवलंबून असतं, म्हणून मला दुसऱ्यांचे आकडे घ्यायचे नव्हते. मार्च २०२४ मध्ये मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळुरूला गेलो. जक्कूरला छोट्या विमानांची दुरुस्ती करणारे एक अनुभवी गृहस्थ आहेत, फोनवर ओळख झालेली, त्यांनी त्यांच्याकडचं उघडं सामान वापरू दिलं. एक मीटर बाय एक मीटर लाकडी चौकट, त्यावर कापड, आणि सगळे थर माझ्या हाताने. प्रत्येक थराआधी आणि नंतर डबा वजनकाट्यावर ठेवायचा. दोन थरांत वाळायचा वेळ जातो, त्यामुळे मुक्काम करावा लागला, त्यांनी राहायची सोय केली, मी त्यांचा फार ऋणी आहे.

एका चौरस मीटरला, पातळ करायच्या आधीचं माप, पॉली-ब्रश ४५० मिली, पॉली-स्प्रे ३००, पॉली-टोन ३३० च्या आसपास गेला. ४१ ने गुणलं की साडेअठरा लिटर, सव्वाबारा लिटर आणि साडेतेरा लिटर. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो, ब्रिटिश गॅलन वेगळा, हे लक्षात ठेवा. टेपा चिकटतात त्या पॉली-ब्रशनेच, खाली एक हात आणि वरून एक, म्हणून पॉली-ब्रशमध्ये आणखी वीस टक्के. छोट्या भागांवर फवारताना बराच रंग हवेत जातो, म्हणून बाकी दोन्हींत थोडी वाढ. शेवटी पॉली-ब्रश ६ गॅलन, पॉली-स्प्रे ४, मुख्य रंग ४ आणि दुसरा रंग १, पॉली-टॅक २, आणि पातळ करायचं त्यांचं स्वतःचं रिड्यूसर. ती चौकट मी सोबत घेऊन आलो, वजन केलं, ९२ ग्रॅमचं कापड सगळे थर होऊन २८० ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे वजन वाढवतो तो रंग. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की चकाकीसाठी आणखी एक थर मारायचा मोह राहत नाही.

एक गोष्ट जक्कूरलाच कळली आणि तिने बरेच पैसे वाचवले. साफसफाईला आणि गोंदाला लागणारं एमईके हे सॉल्व्हंट आपल्याकडे केमिकलवाल्यांकडे सर्रास मिळतं, ते आयात करायची गरज नाही. मास्किंग टेप, ब्रश, मास्क, हातमोजे, इस्त्री सगळं इथलंच. इस्त्री साधी घरगुती चालते, फक्त तिचा तवा थर्मामीटरने मोजून डायलवर खुणा करून घ्यायच्या. २५० फॅरनहाइट म्हणजे १२१ सेल्सिअस, ३०० म्हणजे १४९ आणि शेवटचा ताण ३५० ला म्हणजे १७७. त्याच्या वर गेलं की कापड उलट सैल पडायला लागतं. आणि लाकडाला आतून इपॉक्सी वार्निशच पाहिजे, साधं वार्निश एमईके विरघळवून टाकतं. हे पण हिशोबात धरा.

एप्रिलमध्ये कोटेशन मागवली आणि तिथे खरा गुंता सुरू झाला. कापड, टेपा, दोरा हे कुरिअरने विमानातून येऊ शकतं. रंग आणि गोंद ज्वालाग्राही, धोकादायक मालाच्या वर्गवारीत क्लास ३, रंगाला यूएन १२६३ आणि गोंदाला यूएन ११३३, विमानातून पाठवायचे तर खास पॅकिंग, खास कागद आणि भाडं असं की मालापेक्षा भाडं मोठं. मी दोन भाग केले. कोरडा माल हवाईमार्गे आत्ता, ओला माल जहाजाने न्हावाशेव्याला पावसाळ्यानंतर. जहाजाचा निर्णय पैशासाठी होता आणि पावसाळ्यानंतरचा निर्णय कामासाठी, कारण दमट हवेत हे रंग मारले की सॉल्व्हंट उडताना ओलावा धरतात आणि पांढुरके डाग पडतात.

कोरड्या मालाची ऑर्डर मे २०२४ मध्ये दिली. माल साधारण १ लाख १५ हजार, कुरिअरचं भाडं २८ हजार. पार्सल मुंबईत आलं आणि अडकलं. आधी केवायसी, आधार आणि पॅन, ते ऑनलाइन झालं. मग ऑथोरिटी लेटर. मग प्रश्न आला की हे कापड आहे की विमानाचा भाग? बिलावर फक्त कापडाचं नाव आणि यार्ड होते, त्यामुळे त्यांना वर्गवारी करता येईना, आणि इकडून फोन केला की दरवेळी नवीन माणूस उचलणार आणि सगळं पहिल्यापासून सांगायचं. शेवटी मी विक्रेत्याकडून नवीन बिल मागवलं, त्यावर विणलेलं पॉलिएस्टर, न ब्लिच केलेलं, जीएसएम किती, पन्हा किती सेंटिमीटर, एकूण मीटर किती असं सगळं लिहून घेतलं. कृत्रिम तंतूंचं विणलेलं कापड कस्टमच्या वर्गवारीत ५४०७ या शीर्षकाखाली येतं, त्याप्रमाणे लागलं. ड्यूटी आणि आयजीएसटी मिळून जवळपास ४० हजार. पार्सल जूनच्या अखेरीस सांगलीत आलं. तुम्ही मागवाल तेव्हा ऑर्डर देतानाच विक्रेत्याला सांगा की बिलावर हे पाच मुद्दे पाहिजेत, त्याला त्यात काही अडचण नसते आणि तुमचे दोन-तीन आठवडे वाचतात.

आल्या आल्या कापड उलगडून मोजलं, किनारीचे शिक्के आणि लॉट नंबरचे फोटो काढले, बिलासोबत फाइलला लावले. आणि गुंडाळी वरच्या मजल्यावर ठेवली. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर बघितलेला सांगलीचा माणूस जुलैच्या तोंडावर इतकी किमती गोष्ट तळमजल्यावर ठेवणार नाही. घडी घालू नका, गुंडाळीच ठेवा, उजेडापासून झाकून.

ओल्या मालाला न्हावाशेव्याचे एक कस्टम हाउस एजंट गाठले. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "साहेब, एमएसडीएस प्रत्येक डब्याची वेगळी पाहिजे, एकच चालणार नाही." एमएसडीएस म्हणजे त्या रसायनाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद. पाच प्रकारचा माल आणि रिड्यूसर, सहा एमएसडीएस. धोकादायक मालाचं डिक्लरेशन विक्रेत्याने भरून दिलं. ऑगस्टमध्ये ऑर्डर, ऑक्टोबरमध्ये जहाज लागलं. मालाचे सुमारे १ लाख ६० हजार, भाडं, बंदराचे चार्जेस आणि एजंटची फी मिळून ८५ हजार, ड्यूटी वेगळी. स्वतःच्या वापरासाठी आयात होती म्हणून आयात परवाना लागला नाही. बंदरात माल पडून राहिला की रोजचं भाडं चढतं, त्यामुळे कागद जहाज लागायच्या आधी एजंटच्या हातात असू द्या. तिथून कुपवाडपर्यंत असा माल न्यायला तयार असलेला ट्रान्सपोर्टवाला शोधायलाही आठवडा गेला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये इंजिनिअर साहेबांनी उघडा सांगाडा शेवटचा तपासला, सह्या झाल्या, आणि आम्ही शेपटीच्या एका छोट्या भागापासून सुरुवात केली. कापड ओढून बसवणं, चिकटवणं, इस्त्री, शिवण, टेपा, थर, हे सगळं कसं केलं त्यावर लिहायचं म्हटलं तर याच्याएवढंच आणखी लागेल, ते नंतर. टेलरकाका एका रविवारी शेडवर आले होते, पंखाच्या वरचा पट्टा अंथरलेला बघून त्यांनी हाताने कडा चाचपल्या आणि म्हणाले, "आलं की नाही पन्ह्यात?" पुढे बरगड्या शिवताना तीन-चार संध्याकाळी त्यांनी सुईच्या एका बाजूला बसून काम केलं. चंदेरी थर झाल्यावर अंधारात कापडाच्या मागे दिवा धरून बघायचं, उजेड दिसला तर ऊनही आत येणार. आमच्याकडे धडाच्या पोटाला एका ठिकाणी उजेड दिसला, तिथे अजून एक हात दिला.

आता अंदाज आणि प्रत्यक्ष. कापड ४३ पैकी साधारण ४० यार्ड गेलं. २ इंची टेपेची चौथी गुंडाळी फोडावी लागली पण बरीचशी उरली. दोरा थोडा उरला. उरेब टेप जेमतेम पुरली, पुढच्या माणसाने तिथे एक गुंडाळी जास्त घ्यावी. पॉली-ब्रश जवळजवळ संपला, पॉली-स्प्रेचा पाऊण गॅलन राहिला, दुसऱ्या रंगाचा निम्मा डबा. रिड्यूसर मात्र अंदाजापेक्षा जास्त लागलं, कारण फेब्रुवारीपासून दुपारची हवा इतकी तापली की रंग गनमधून सुटून कापडावर पोचेपर्यंत सुकायला लागायचा, मग पहाटे सहा ते साडेनऊ एवढंच फवारायचं ठरवलं आणि रंग थोडा जास्त पातळ ठेवला. तुमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर काम येणार असेल तर रिड्यूसर एक गॅलन वाढवा.

उरलेल्या तीन यार्डांपैकी एका यार्डावर लॉट नंबर लिहून तो फाइलसोबत राखून ठेवलाय, दुरुस्ती करायची वेळ आली तर ठिगळ त्याच लॉटचं लावता येईल. सगळ्या बेतणीचे ब्राउन पेपरचे तुकडे पण जपून ठेवलेत, कुणी पिटनपोल बनवत असेल आणि पंखाची रुंदी पाच फूटच असेल तर ते जसेच्या तसे वापरता येतील, विचारा, देईन.